ताटात टाकलेल्याची वही

११ जानेवारी

चि. खारूस,

आईचे आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तू ठरव, मी पाठवले आहेत.

काल आणि आज मिळून घरी आलं ते असं. हॉस्पिटलचं पाकीट एक, त्यात माझ्या तपासणीचा निकाल. त्याचे पैसे पडले नाहीत, कारण घरात एक रोगी सापडला की बाकीच्या नातेवाइकांना ते आपल्या खर्चाने तपासतात. पांढऱ्या पावडरीचा डबा एक, तो मात्र विकत, आणि भाव असा की मी दुकानदाराला विचारलं, हा एका डब्याचा की डझनाचा. ग्रॅमचा छोटा काटा एक, बाबांनी छापखान्यातून जुना आणला, फुकट. आणि तुझं कार्ड. ते माझ्यासाठी नव्हतं. बाबांच्या नावे छापखान्याच्या पत्त्यावर आलं होतं. त्यांच्या कोटाला बटण लावायला घेतलं तेव्हा खिशात सापडलं. त्यावर तुझा समुद्रापलीकडचा पत्ता होता आणि बाळंतपणाची तारीख, मार्चअखेर. वाचलं, परत खिशात ठेवलं, बटण लावलं.

फोन नंबर कार्डावर नाही, म्हणून पत्र. सहा वर्षांनी लिहिते आहे तर सुरुवात काही निराळी हवी होती. पण कामाचं आधी लिहिते.

मावशीचा धाकटा, आपला पैलवान, काडीसारखा आहे म्हणून तूच त्याला ते नाव ठेवलंस, तो वायरिंग करताना शिडीवरून पडला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सूज उतरायला इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवशी तो बायकोला मॅडम म्हणायला लागला. मॅडम, मीटर कुठे बसवू? वॉर्डातले हसले. नर्स म्हणाली भूल उतरते आहे. त्याची बायको घरी शिवणकाम करते, शिक्षण बेताचं. ती म्हणाली, "हा माणूस असा नाही. ह्याचं रक्त तपासल्याशिवाय मी हलणार नाही," आणि वॉर्डाच्या दारातच फतकल मारून बसली. औषधांची गाडी जाईना, डॉक्टर जाईनात. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कंटाळून नमुना घेतला.

रक्तात अमोनिया निघाला. दूध, डाळ, अंडी पोटात गेली की तो थोडाफार सगळ्यांच्याच अंगात तयार होतो आणि यकृत त्याचा निकाल लावतं. माझ्या माहेरच्या रक्तात तो निकाल लावणारी शक्ती जन्मापासून अधू आहे. एरवी कळत नाही. काही निमित्त झालं की तो डोक्यात चढतो आणि माणूस बरळायला लागतो. पैलवान वाचला. आता गुडघ्याला शिव्या घालत घरभर फिरतो.

मग सगळ्यांना बोलावणं आलं. तिथे नात्यांचा तक्ता काढणाऱ्या एक बाई आहेत. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. मावशी त्यांना चौकटबाई म्हणते. चौकटबाईंनी विचारलं, "तुमच्या मुलांपैकी कोणी दूध, डाळ, अंडी टाळायचं का, काही आठवतं?" मी म्हटलं, आठवणीवर कशाला जायचं, लिहिलेलं आहे. दुसऱ्या दिवशी ताटात टाकलेल्याच्या वह्या घेऊन गेले. अकराच्या अकरा.

तुला त्यांचा राग होता हे मला ठाऊक आहे. रोज जेवणं झाली की कोणी पानात काय टाकलं ते लिहायचं, रविवारी मोठ्याने वाचायचं, ज्याचं जास्त त्याचा त्या आठवड्याचा खाऊ बंद. बाबा म्हणायचे, "चला आरोपींनो, पेशी आहे." पण परवा डॉक्टरीणबाई पान उलटतात आणि थांबतात, उलटतात आणि थांबतात. म्हणाल्या, "काकू, असा कागद आजवर कोणी आणला नाही आमच्याकडे." दादाची ओळ भरलेली. दूध अर्धा पेला. अंडं, पिवळं सोडून सगळं. डाळ. डाळ. डाळ. माझी स्वतःची ओळ मी कधी ठेवलीच नव्हती.

तुझी ओळ कोरी. सतरा वर्षांत तीन नोंदी आणि तिन्ही भोपळ्याच्या. तेव्हा तुला काही नाही, वहीत स्पष्ट आहे. असल्या दिवसांत तपासण्यांच्या मागे लागू नकोस, पैसे जपून ठेव. एवढंच कळवायचं होतं.

माझ्यात आहे. आईकडून मुलांकडे जातं, सगळ्यांकडे नाही, निम्म्यांकडे. दादाचं आता तपासण्यासारखं काही उरलेलं नाही.

थंडी आहे. पायमोजे घालत जा.

आई

२ फेब्रुवारी

चि. खारूस,

पत्र पोचलं असेल. उत्तर नाही. बाबा रोज छापखान्यातून आले की कोट खुंटीला लावताना खिसा माझ्याकडे करतात, म्हणजे मी बघितलं तरी चालेल. रिकामा असतो.

माझी दुसरी तपासणी झाली. रात्री एक गोळी घ्यायची आणि नंतरच्या दिवसभराची लघवी चार बाटल्यांत जमवायची, सहा-सहा तासांची एक. चारही बाटल्या बाबांच्या डब्याच्या पिशवीत घालून बसने निघाले. शेजारचे गृहस्थ पिशवी मांडीवर घेतो म्हणाले, "जड दिसतंय, गरम आहे का काही?" मी म्हटलं आता निवलंय. हे मी मावशीला सांगितलं तर ती एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मला हसू आलं नाही, पण सांगावंसं वाटलं.

दिवस असा जातो. सकाळी डाळ काट्यावर तोलायची, दूध मापाने, अंडं आठवड्याला एक. पावडर पाण्यात कालवून तीनदा. चव साबणाची. जड जेवण झालं की आयुष्यभर माझं डोकं दुखायचं, मी ते देवाने दिलेलं म्हणून सोसत आले. आता तेही कारणासकट कागदावर आहे.

उपास बंद केलेत. तसं डॉक्टरीणबाईंनी लिहूनच दिलं. पोटात अन्न नसलं की शरीर आपलंच मांस खातं आणि त्याचाही तोच अमोनिया होतो म्हणे. मी विचारलं, "एक दिवसाचाही नाही?"

"एक दिवसाचाही नाही, काकू."

"आणि तीन दिवसांचा?"

त्यांनी मान वर केली. "तीन दिवस कोणी केला?"

मी म्हटलं, सहज विचारलं.

आता प्रार्थनेला बसते ती खाऊन बसते. भरल्या पोटी डोळे मिटले की देवाला काय सांगायचं तेच आठवत नाही. शब्द येतात, पण भांडी विसळल्यासारखे.

पैलवान आणि त्याची बायको रविवारी येऊन गेले. तो काठी टेकत आला आणि दारातूनच ओरडला, "मावशे, डाळ तोलायला वायरमन आलाय." तिने माझ्यासाठी काट्याला कापडाची खोळ शिवून आणली होती. तो बाबांशी बोलत बसला तेव्हा ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "मोठ्या भावजींचं पण असंच झालं होतं का हो?" मी म्हटलं, त्याचं वेगळं होतं. तिने काट्याची खोळ घातली, काढली, परत घातली.

दादाच्या नव्या नोकरीचा चौथा दिवस होता, आठवत असेल. नोकरी लागली म्हणून मी तीन दिवसांचा उपास बोलले होते आणि त्यालाही धरायला लावला होता. नोकरी त्याची, तर आभार त्याने नको का मानायला. तो नाही म्हणाला नाही. कधीच म्हणायचा नाही. कामावर तीन दिवस उपाशी गेला आणि चौथ्या दिवशी दुपारी दीडला रिक्षातून परत आला, झोकांड्या देत. रिक्षावाल्याला सर म्हणत होता. समोरच्या दोघी गॅलरीत उभ्या होत्या.

पुढचं तुला माहीत आहे. त्यावर तू जे बोललीस त्याचं उत्तर मी सहा वर्षं दिलं नाही, आजही देत नाही. तुझी ओळ कोरी आहे, त्याला मी धरून आहे.

आई

९ फेब्रुवारी
तातडीच्या टपालाने

खारू,

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुला काही नाही. ते खोडून टाक. तुझी तपासणी झालीच पाहिजे आणि बाळंतपणाच्या आधी झाली पाहिजे.

सोबत डॉक्टरीणबाईंनी टाइप केलेली चिठ्ठी आहे. तू ज्या डॉक्टरांकडे जातेस त्यांच्या हातात ती दे, टेबलावर ठेवून येऊ नकोस. तिच्यात सगळं आहे, तरी मी साध्या भाषेत लिहिते. तुझं रक्त तपासायचं. निकाल यायच्या आधीच कळा लागल्या तर तुझ्यात आहे असं धरूनच चालायचं. कळांत तुला उपाशी ठेवायचं नाही, साखरेचं सलाइन लावायचं. पैलवानाला दिली तसली इंजेक्शनं टाळायची. बाळाचंही रक्त जन्मल्याबरोबर बघायचं, मुलगा झाला तर नक्कीच. आणि मुख्य धोका बाळंतपणानंतर आहे, पहिले पंधरा दिवस. तू घरी आलेली असशील, सगळे बाळाकडे बघत असतील. त्या दिवसांत तू वेड्यासारखं बोललीस, नको तेवढी झोपलीस, जवळच्याला ओळखलं नाहीस, तर लोक म्हणतील बाळंतीण आहे, दमली आहे. त्यांना म्हणू देऊ नका. हे पत्र तुझ्या नवऱ्याला वाचायला दे. मी त्यांना बघितलेलं नाही, तरी त्यांना सांग, रक्त घेईपर्यंत दारात बसून राहायचं. पैलवानाची बायको बसली होती तसं.

आता हे कसं कळलं ते.

काल दुपारी मी आणि बाबा जेवत होतो. मी डाळ तोलून घेतली होती, तरी माझ्या हातून एक पळी जास्त पडली. ती टाकायचं माझ्या जिवावर आलं आणि खायची सोय नाही, म्हणून मी ताटाकडे बघत बसले. भाकरी आणायला उठले आणि वळून बघते तर माझ्या ताटातली डाळ नाही. बाबा आपल्या पानात बघून जेवत होते. चमचा वाजला नाही, ताट हललं नाही, माझ्या ताटाच्या कडेला एक थेंबसुद्धा नाही. सत्तेचाळीस वर्षं छापखान्यात पानं बांधणाऱ्या माणसाचा हात साफ असतो हे मला माहीत आहे. पण हा हात सरावाचा होता.

मी म्हटलं, "हे कुठे शिकलात?"

ते म्हणाले, "काय?"

"हे आत्ता केलंत ते."

त्यांनी घास गिळला. पाणी प्यायले. मग म्हणाले, "सतरा वर्षं केलंय."

खारू, तू त्यांच्या डाव्या हाताला बसायचीस, बाकावर. मी वाढायला उठले की तुझं दूध, तुझी डाळ, तुझ्या अंड्याचं पांढरं त्यांच्या पोटात. जे त्यांना काढायला जमलं नाही ते तू गालात धरून ठेवायचीस आणि मोरीवर जाऊन टाकायचीस. खारू हे नाव त्यांनी तुला त्यामुळे दिलं होतं. मला वाटायचं तुझ्या पुढच्या दोन दातांमुळे. मी तुझे दात नीट करायला पैसेसुद्धा साठवले होते.

मी विचारलं, "मला का सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? मला वाटलं पोरीची आवडनिवड आहे. आणि तुला ती कोरी ओळ आवडायची. रविवारी तिची ओळ वाचताना तुझा आवाज निराळा यायचा. वही मीच बांधून दिलेली. ती मोडवेना."

"आणि दादाचं? त्याचं का नाही खाल्लंत?"

टेबलावर पडलेलं शीत बोटाने उचलून त्यांनी ताटाच्या कडेला लावलं.

"तो समोर बसायचा," ते म्हणाले. "हात पोचत नव्हता."

मग आम्ही जेवण संपवलं. मी भांडी घासली. भांडी घासून झाल्यावर आम्ही दोघं हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मुलीला कळवलंत ना पण, काकू? तपासणीचं?" बाबा माझ्याकडे बघायला लागले.

वह्या नेल्या त्याच दिवशी चौकटबाईंनी मला बजावलं होतं. वही चांगली आहे, पण वही म्हणजे तपासणी नव्हे, मुलीला ताबडतोब कळवा, तिच्या गोलात मी प्रश्नचिन्ह ठेवते आहे. हे मी तुला लिहिलं नाही. घरीही सांगितलं नाही. तुला तपासून घे म्हणायचं तर कशासाठी, ते लिहावं लागलं असतं, आणि ते लिहायला घेतलं की दादाचं लिहावं लागलं असतं. कोरी ओळ हाताशी होती, तिच्याआड बसले.

तर आता लिहिते. दादाला हेच झालं होतं आणि त्यातच तो गेला. तो प्यायलेला नव्हता. तू संध्याकाळी कामावरून आलीस, त्याचं तोंड हुंगलंस आणि म्हणालीस, "आई, ह्याला वास नाही. कडी का लावलीस?" कडी मी लावली होती. समोरच्या दोघी बघत होत्या म्हणून. दीड वाजल्यापासून सहा वाजेपर्यंत. आतून तो मला मॅडम म्हणत होता, मॅडम, दार उघडता का, एवढं सभ्यपणे. मी बाहेर प्रार्थना करत बसले होते, की देवा ह्याचं व्यसन सोडव. जे नव्हतं ते.

आणि हे तुलाही माहीत नाही. त्या दिवशी सकाळी उपास सुटला म्हणून, अंगात जोर यावा म्हणून, मी त्याला दोन अंडी दिली, मोठा पेला दूध आणि वाटीभर डाळ. आणि समोर बसले. त्याने माझ्याकडे बघत बघत सगळं संपवलं आणि म्हणाला, "बघ, लिहायला काही ठेवलं नाही तुला." हसला. अकराव्या वहीत ती शेवटची तारीख आहे. त्या दिवशी त्याचीही ओळ कोरी आहे.

डॉक्टरीणबाईंना मी हेही सांगितलं, तीन दिवसांच्या उपासासकट. त्यांनी लिहून घेतलं. मला काही म्हणाल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्यांना पुढचा रोगी होता.

मला रडू आलेलं नाही. येईल असं वाटून काल मी मोरीवर जाऊन उभी राहिले, नळ सोडला, पाणी वाया जातंय म्हणून बंद केला. तुझ्याकडे मी काही मागत नाही. तुझा राग खरा होता आणि तो तुझ्याकडेच ठेव, मला फक्त तू हवी आहेस, रागावलेली चालेल.

बाबा टेलिफोनच्या ऑफिसात जाऊन आले, तुझ्या पत्त्यावर नंबर नाही म्हणाले. म्हणून सोबत एक कार्ड घातलं आहे. इथलं तिकीट तिकडे चालत नाही, पण पोस्टातल्या कारकुनाने जवाबी कूपन दिलं, ते तिकडच्या पोस्टात दाखवलं की तिकीट मिळतं. पत्ता मी लिहून ठेवला आहे, बाबांच्या नावाने, छापखान्याचा. माझं नाव तुला लिहावं लागणार नाही.

कार्डावर तीन ओळी आखल्या आहेत. पहिलीत तुझ्या हॉस्पिटलचं नाव लिही, डॉक्टरीणबाई त्यांना इथून परस्पर कळवणार आहेत. दुसरीत रक्त दिल्याची तारीख. तिसरी तुला काही लिहावंसं वाटलं तर. ती कोरी राहिली तर मी त्यावरून काही धरून चालणार नाही.

पहिल्या दोन तेवढ्या भर आणि कार्ड उलट टपाली टाक.

आई